शिसं स्वतःहून सोडलं, पण ते खिडकीतून परत आलं: युरोपातल्या पीव्हीसी उद्योगाच्या वचनाचं प्रकरण

पीव्हीसी पाइपच्या लाइनवर मी काही वर्षं काढली आहेत. सकाळी मिक्सर सुरू झाला की आधी रेझिनची, म्हणजे कच्च्या पीव्हीसीची, पावडर, मग कॅल्शियम कार्बोनेट आणि मग वन पॅकची पिशवी फाडून आत, म्हणजे स्टॅबिलायझर आणि ल्युब्रिकंट एकत्र केलेला माल, आणि तेव्हा त्या पिशवीत शिसं असायचं. ते ओतणारी पोरं नाकाला रुमाल बांधायची, तेवढंच. शिसं वाईट हे सगळ्यांना माहीत होतं, मालकालाही माहीत होतं, पण विषय निघाला की उत्तर एकच, "बाजूचा सोडेल तेव्हा आपण सोडू." म्हणून पुढे जेव्हा कळलं की युरोपातल्या अख्ख्या पीव्हीसी उद्योगाने कायदा यायच्या आधी स्वतः तारीख जाहीर करून शिसं सोडलं, तेव्हा मी ते प्रकरण मुळापासून वाचायला घेतलं. कारण "बाजूचा सोडेल तेव्हा" ही गाठ त्यांनी कशी सोडवली हे मला बघायचं होतं.

आधी शिसं लागतंच का ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पीव्हीसीमध्ये वजनाने निम्म्याहून जास्त, साधारण ५७ टक्के, क्लोरीन असतं. मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे तापवणाऱ्या नळीत, माल तापला की त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटायला लागतं, एकदा सुटलं की अजून सुटतं, माल पिवळा, मग तपकिरी, मग डायमध्ये, म्हणजे पुढच्या साच्यात, जळून बसतो आणि लाइन बंद. हे थांबवायला स्टॅबिलायझर. शिशाचा स्टॅबिलायझर स्वस्त, टिकाऊ आणि मुख्य म्हणजे समजूतदार, ऑपरेटरकडून तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. कॅल्शियम-झिंकवाला तितका सांभाळून घेत नाही, त्याला स्क्रू, तापमान, डोस सगळं नीट लागतं. त्यामुळे शिसं सोडणं म्हणजे नुसती पिशवी बदलणं नव्हे, प्रत्येक कारखान्यात प्रत्येक लाइन नव्याने बसवणं.

आता युरोप. १९९० च्या दशकात तिकडे पीव्हीसीवर चहूबाजूंनी टीका चालली होती. ग्रीनपीसने मोहीम चालवली, २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या बांधकामात सुद्धा पीव्हीसी कमी वापरायचं असं ठरलं होतं. डिसेंबर १९९९ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार बघणाऱ्या आणि कायद्यांचे मसुदे मांडणाऱ्या यंत्रणेने, तीन वर्षांखालची मुलं तोंडात घालतात त्या मऊ पीव्हीसीच्या खेळण्यांमध्ये काही थॅलेट्सवर, म्हणजे पीव्हीसी मऊ करायला घालतात त्या रसायनांवर, तातडीची बंदी घातली. डेन्मार्कने २००० साली शिशावर बंदीचा आदेश काढला. आणि जुलै २००० मध्ये कमिशनचा पीव्हीसीवरचा ग्रीन पेपर आला, म्हणजे कायदा करायच्या आधी चर्चेसाठी काढतात तो कागद. एकाच प्लास्टिकवर अख्खा पेपर! त्यातले आकडे गंभीर होते. युरोपात वर्षाला सुमारे ४१ लाख टन पीव्हीसी कचरा, २०२० पर्यंत तो ६२ लाख टनांवर जाईल असा अंदाज, आणि वापरून टाकलेल्या मालाचं रिसायकलिंग किती, तर १ लाख टन, म्हणजे अशा वापरून टाकलेल्या मालाच्या सुमारे ३ टक्के.

उद्योगाने आपलं वचन जाहीर केलं मार्च २००० मध्ये, म्हणजे ग्रीन पेपरच्या चार महिने आधी. ही तारीख मला फार महत्त्वाची वाटते. लोक म्हणतात "स्वेच्छेने" केलं, हो स्वेच्छेनेच केलं, पण कायदा दाराशी येऊन उभा होता आणि आतल्या सगळ्यांना त्याची चाहूल लागली होती. हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाहीये. उलट मला वाटतं चाहूल लागल्यावर वकील गोळा करण्याऐवजी त्यांनी तारखा लिहिल्या, हे चांगलंच केलं. पण ती चाहूल नसती तर तारखा लिहिल्या गेल्या असत्या का, याचं माझं उत्तर नाही असंच आहे.

वचनाचं नाव विनाइल २०१०, मुदत दहा वर्षं. सही करणाऱ्यांमध्ये चारही घरं होती: रेझिन बनवणारे, स्टॅबिलायझर बनवणारे, प्लॅस्टिसायझर (पीव्हीसी मऊ करणारं रसायन) बनवणारे आणि माल घडवणारे, म्हणजे पाइप, खिडकी, फ्लोअरिंग, केबल वगैरे. इथेच आमच्या मालकाच्या वाक्याचं उत्तर आहे बघा. सगळेच एका कागदावर असले की बाजूचाही त्याच दिवशी सोडतो. शिशाचा स्टॅबिलायझर विकणारे मोजके होते, त्यांच्याच संघटनेने विक्री टप्प्याटप्प्याने बंद करतो म्हटलं की घेणारा घेणार कुठून? हजारो छोट्या कारखान्यांच्या दारात इन्स्पेक्टर पाठवायची गरजच उरली नाही, नळ मागेच बंद केला.

तारखा अशा होत्या. कॅडमियमचे स्टॅबिलायझर युरोपियन युनियनच्या तेव्हाच्या पंधरा देशांमध्ये २००१ पर्यंत बंद, ते झालं, नंतर नवीन देश आत आले तिथे २००७ पर्यंत झालं. शिशाचा वापर २००० साली सव्वा लाख टनांच्या आसपास होता, तो २००५ पर्यंत १५ टक्के कमी, २०१० पर्यंत ५० टक्के कमी आणि २०१५ पर्यंत शून्य. २००५ चा टप्पा त्यांनी ओलांडला, २०१० ला निम्म्याऐवजी साधारण तीन चतुर्थांश घट झाली आणि २०१५ च्या शेवटी सदस्य कंपन्यांनी युरोपियन युनियनमध्ये शिशाचा स्टॅबिलायझर विकणं पूर्ण थांबवलं. तेव्हा पीव्हीसीतल्या शिशावर अख्ख्या युनियनला लागू होईल असा कायदा अजून आलेलाही नव्हता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच बरं वाटलं, कारण मला माहीतेय त्या मिक्सरपाशी उभं राहणं काय असतं, आणि तिकडच्या कामगाराच्या श्वासातून ते गेलं ही छोटी गोष्ट नाही.

पण त्याच कागदावर दुसरं वचन होतं रिसायकलिंगचं, आणि ते मिक्सरसारखं हातातलं नव्हतं. शिसं तुमच्या गोदामात असतं, कचरा मात्र लोकांच्या भिंतीत, जमिनीखाली, छतावर असतो. त्यांनी म्हटलं होतं २०१० पर्यंत वर्षाला २ लाख टन वापरून टाकलेला पीव्हीसी रिसायकल करू, आणि १९९९ ला जेवढा होत होता तो आणि पॅकेजिंग, गाड्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या कायद्यांमुळे जो करावाच लागतो तो यात धरायचा नाही. ही अट प्रामाणिक होती, नक्की लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवात अगदीच हळू. २००४ ला जेमतेम १८ हजार टन. विरोधकांनी टीका केली आणि ती रास्त होती, दहा वर्षांची मुदत निम्मी होत आली आणि हातात दहावा हिस्सा पण नाही. अडचण पैशाची होती. पाडलेल्या घराची खिडकी उचला, काच काढा, रबर काढा, आतली लोखंडी पट्टी काढा, ग्राइंडरमधून घाला, धुवा, रंगाप्रमाणे वेगळं करा, एवढं करून जो दाणा मिळतो तो व्हर्जिनशी, म्हणजे कोऱ्या मालाशी, भावात टक्कर देणार कसा? मग रिकोव्हिनाइल नावाची संस्था २००३ मध्ये काढली गेली आणि तिने सरळ काम केलं: जो रिसायकलर दाखला देईल की एवढे टन पीव्हीसी कचरा घेतला आणि त्याचा माल बनवला, त्याला टनामागे पैसे. जर्मनीतल्या खिडकी प्रोफाइलवाल्यांनी त्याच्या आधीच, २००२ ला, रेविंडो नावाने जुन्या खिडक्या गोळा करायची व्यवस्था लावली होती, तीही कामी आली. पैसे फिरले तसा आकडा हलला. २००५ ला ३९ हजारांच्या जवळ, २००६ ला ८३ हजारांच्या जवळ, २००७ ला दीड लाखाला टेकला, आणि २०१० ला २,६०,८४२ टन. म्हणजे वचनापेक्षा जास्त.

यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. आकडा कशामुळे हलला तर टनामागच्या पैशामुळे हलला, जनजागृतीची पोस्टरं लावून नाही. आपल्याकडे कंपन्या शपथा घेतात, पोरांना घेऊन किनाऱ्यावर फोटो काढतात आणि भंगार गोळा करणाऱ्याच्या हातात एक रुपया जास्त पडत नाही, तिथे काही हलत नाही याचं कारण हेच आहे.

२०११ च्या जूनमध्ये दुसरा अध्याय सुरू झाला, व्हिनाइलप्लस. यावेळी लक्ष्य मोठं, २०२० पर्यंत वर्षाला ८ लाख टन. ऐकायला चौपट. पण आता मघाची अट आठवा. नव्या मोजणीत व्याख्या बदलली होती. आता लोकांनी वापरून टाकलेला मालच नाही तर कारखान्यातलं कातरण पण धरलं जाणार होतं, अट एवढीच की ते ज्या प्रक्रियेत निघालं त्याच प्रक्रियेत परत टाकता येण्याजोगं नसावं. खिडकी बसवणाऱ्याच्या वर्कशॉपमधले प्रोफाइलचे तुकडे, फ्लोअरिंगचे कट, असं सगळं आलं. आता हे चूक आहे का? नाही, तोही कचराच आहे, तो जाळण्यापेक्षा परत वापरलेला बराच. पण प्लास्टिकच्या धंद्यातला कोणीही सांगेल की स्वच्छ, एका रंगाचं, एका ग्रेडचं कातरण आणि तीस वर्षं उन्हापावसात राहिलेली, सिमेंट चिकटलेली खिडकी यात जमीन अस्मानाचा फरक आहे. कातरणाला गिऱ्हाईक असतं. २ लाखावरून ८ लाख ही उडी वाचताना हा फरक डोळ्यासमोर ठेवला नाही तर फसगत होते, आणि बहुतेक लेखांत तो नसतोच. व्याख्या त्यांनी लपवली नव्हती, अहवालात छापलेली आहे, पण आकडा मथळ्यात आणि व्याख्या तळटीपेत असली की लोक आकडाच घेऊन जातात. माझ्या मते दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी ठेवून सांगायला हवेत, कातरण इतकं आणि वापरलेलं इतकं.

त्या ८ लाखांत अजून एक कप्पा होता, १ लाख टन अवघड माल नव्या तंत्राने रिसायकल करायचा. अवघड म्हणजे ताडपत्री, कापडावर चढवलेलं पीव्हीसी, केबलचं मिश्र साल, जिथे नुसतं दळून भागत नाही. याची सगळ्यात मोठी आशा होती इटलीत फेरारा गावात, सॉल्व्हे कंपनीचा व्हिनायलूप प्लांट, २००२ ला सुरू झालेला, वर्षाला १० हजार टनांच्या क्षमतेचा. तंत्र सुंदर होतं: सॉल्व्हंटमध्ये पीव्हीसी विरघळवायचं, कापड, तांबं, कचरा गाळून वेगळा काढायचा, मग सॉल्व्हंट उडवून पीव्हीसीचं कम्पाउंड परत मिळवायचं आणि सॉल्व्हंट पुन्हा वापरायचा. पण विरघळलेल्या पीव्हीसीबरोबर त्यातला जुना प्लॅस्टिसायझरही यायचा, डीईएचपी, तोच थॅलेट कुळातला. रीच या युरोपियन युनियनच्या रसायनांवरच्या कायद्यानुसार फेब्रुवारी २०१५ नंतर डीईएचपीला खास परवानगी लागणार होती. रिसायकलरांनी अर्ज केला, नोव्हेंबर २०१५ मध्ये युरोपियन संसदेने परवानगी देऊ नका असा ठराव केला, २०१६ ला कमिशनने थोड्या मुदतीची परवानगी दिली, पण डोक्यावर टांगती तलवार घेऊन कोण पैसा घालणार? प्लॅस्टिसायझर वेगळा काढायचं तंत्र परवडण्यासारखं बसलं नाही आणि २०१८ ला प्लांट बंद झाला. सोळा वर्षं चालवून शिकलेली माणसं, यंत्रं, सगळं गेलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पण संसदेची बाजूही खोटी नव्हती, कालचं विष आजच्या मालात का चालवून घ्यायचं?

आणि हाच प्रश्न शिशाच्या बाबतीत सगळ्यात मोठा होऊन आला. नीट बघा काय झालं ते. पीव्हीसीची खिडकी तीस ते पन्नास वर्षं टिकते. १९८५ ला बसवलेली खिडकी २०२० च्या आगेमागे निघते, आणि तिच्यात बहुधा शिसं आहे, कारण तेव्हा ते सर्रास वापरात होतं. म्हणजे एका हाताने शिसं सोडलं आणि दुसऱ्या हाताने, रिसायकलिंगचं वचन पाळताना, तेच शिसं नव्या प्रोफाइलमध्ये परत येतंय. दोन्ही वचनं चांगली, दोन्ही खरी, पण एकमेकांच्या अंगावर येणारी. वचन लिहिताना हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही, हिशेब सोपा होता. पण विल्हेवाट पुढच्यांवर गेली.

उद्योगाचं म्हणणं असं की कडक पीव्हीसीत शिसं घट्ट अडकून असतं, सहजी बाहेर येत नाही, आणि आम्ही जुना माल प्रोफाइलच्या पोटात घालतो, बाहेरून नव्या मालाचा थर चढवतो, म्हणजे हाताला लागायचा प्रश्न नाही. कोएक्स्ट्रूजन म्हणतात याला, दोन एक्स्ट्रूडर, म्हणजे वितळलेला माल दाबून बाहेर काढणारी यंत्रं, एकाच डायमध्ये, आणि खरंच चांगलं तंत्र आहे, आमच्याकडेही तीन थरांचे पाइप असेच निघतात. विरोधकांचं म्हणणं की एकदा रिसायकलच्या नावाखाली शिशाला वाट दिली की ते कापताना, फोडताना, जाळताना पसरत राहणार, आणि पुढची पिढी पुन्हा त्याच ठिकाणी. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपियन संसदेने कमिशनचा सवलतीवाला मसुदा फेटाळायला सांगितला. शेवटी मे २०२३ मध्ये नियम आला: पीव्हीसी मालात ०.१ टक्क्यापेक्षा जास्त शिसं चालणार नाही, पण जुन्या कडक पीव्हीसीपासून बनवलेल्या ठराविक बांधकाम मालात, खिडकी प्रोफाइल, शीट वगैरेमध्ये, १.५ टक्क्यापर्यंत चालेल, आणि ही सवलत मे २०३३ पर्यंत. मालावर शिसं आहे हे लिहावं लागेल, आणि बऱ्याच वापरांत जुना माल नव्याच्या थराने पूर्ण झाकावा लागेल. मला हा तोडगा योग्य वाटतो, पूर्ण समाधान नाही, पण निदान झाकणं सक्तीचं, लिहिणं सक्तीचं आणि शेवटची तारीख ठरलेली. आणि बघा, हे तिन्ही शेवटी कायद्यानेच आलं.

८ लाखांचं काय झालं ते राहिलं. २०१९ ला ७,७१,३१३ टनांपर्यंत पोचले होते, २०२० ला कोविडमध्ये बांधकामं थांबली आणि आकडा ७,३१,४६१ वर आला. लक्ष्य हुकलं. दंड नाही, परवाना रद्द नाही, काही नाही, कारण वचन स्वतःच दिलेलं. पुढच्या वर्षी, २०२१ ला, ८,१०,७७५ टन करून दाखवलं हेही खरं. मग तिसरा अध्याय, २०२५ पर्यंत ९ लाख आणि २०३० पर्यंत १० लाख टन. पण त्यानंतर युरोपात ऊर्जा महाग झाली, घरं बांधणं मंदावलं, आणि २०२३ ला आकडा साडेसात लाखांच्या खाली घसरला. घरं पाडली नाहीत तर जुन्या खिडक्या येत नाहीत, बांधली नाहीत तर कातरण निघत नाही आणि दाणा घ्यायला गिऱ्हाईकही नाही. म्हणजे या आकड्यात कंपन्यांची मेहनत किती आणि बांधकाम बाजाराची हवा किती, हे वेगळं काढणं अवघड.

हिशेब तपासायची व्यवस्था मात्र त्यांनी बरी ठेवली होती. टनांचा आकडा बाहेरच्या ऑडिटरकडून तपासून घ्यायचा, दरवर्षी अहवाल छापायचा, हुकलं तर हुकलं म्हणून लिहायचं. देखरेख समितीत कमिशनचे अधिकारी, संसदेचे सदस्य, कामगार संघटनेचे प्रतिनिधी होते, आणि ब्रसेल्सच्या विद्यापीठातले प्राध्यापक आल्फोन्स ब्यूकेन्स अनेक वर्षं अध्यक्ष होते. इतर उद्योगांची "२०३० पर्यंत हरित" छापाची वचनं वाचली की कळतं की एवढंही सहसा नसतं.

आता आपल्याकडे. आपल्या शेतात, विहिरीवर, गावच्या नळयोजनेत पीव्हीसी पाइपच आहे, जळगाव, पुणे, रत्नागिरी या पट्ट्यात पाइपचा आणि रेझिनचा मोठा उद्योग आहे. शिशाचा प्रश्न आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचे पाइपमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबद्दलचे नियम २०२१ ला आले. काही मोठ्या कंपन्या त्याआधीच लेड-फ्री झाल्या होत्या, हे नमूद करायला हवं. पण युरोपात २००० साली जसा सगळ्यांचा मिळून एक कागद झाला तसा आपल्याकडे झाला नाही.

आणि परत येणाऱ्या शिशाचा प्रश्न तर आपल्याकडे अजून फारसं कुणी विचारत नाहीये. १९९५ ला, २००५ ला गाडलेला पाइप पुढची वीस-पंचवीस वर्षं बाहेर निघत राहणार. शेतकरी तो भंगारवाल्याला देतो, कारण पीव्हीसीला भाव बरा मिळतो, तिथून तो दळायला जातो, आणि दाण्यातून कंड्युट पाइप होतो, सक्शन पाइप होतो, चपलेचा तळ होतो. युरोपसारखा आतला थर आणि बाहेरचा थर तिथे कोण बघणार? आपल्याकडचं रिसायकलिंग कुठल्याही वचनाशिवाय, नुसत्या भावावर चालतं आणि भरपूर चालतं, हे आपलं बळ आहे, पण दाण्यात काय आहे हे दळणाऱ्या पोराला कुणी सांगत नाही.

पाइपवर छपाई तर आपण आजही करतो, कंपनीचं नाव, आयएस नंबर, व्यास, प्रेशर क्लास, बॅच. इंकजेट लाइनच्या टोकाला बसवलेलाच असतो. त्याच ओळीत स्टॅबिलायझर कुठला ते दोन अक्षरात आणि साल स्पष्ट चार आकड्यात छापायचं, आणि पुसलं जाणार नाही असं उठावाने छापायचं, हे पाइपवाल्यांच्या संघटनांनी एका बैठकीत ठरवलं तरी होण्यासारखं आहे. कुठलीही छपाई नसलेला जुना पाइप आला की तो शिशाचा धरायचा, वेगळ्या ढिगात टाकायचा, त्याचा दाणा पिण्याच्या पाण्याच्या पाइपला आणि चपलेला द्यायचा नाही, ड्रेनेजच्या पाइपच्या मधल्या थराला द्यायचा, आणि त्या ढिगासाठी भंगारवाल्याला किलोमागे दोन पैसे वरचे मोजायचे. ते पैसे रेझिनवाल्यांनी आणि पाइपवाल्यांनी मिळून भरायचे, जसे तिकडे रिकोव्हिनाइलने भरले.